डॉजर्स २०२४: खरी काळजी पिचिंगची

ओहतानी आल्यामुळे २०२४ च्या मोसमात डॉजर्सना, म्हणजे अमेरिकन मेजर लीग बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिसच्या संघाला, तोड नाही, असं मोसमाआधी म्हटलं जात होतं. फलंदाजीपुरतं मान्य, बेट्स, ओहतानी, फ्रीमन ओळीने येणार म्हटल्यावर कुठल्याही पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) धडकी भरणारच. पण कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे एरवी पिचिंगही करणारा ओहतानी त्या मोसमात पिचिंग करणार नव्हता. पिचर ग्लासनाऊचा हात जबरदस्त, तरी २०२३ पर्यंत मेजर लीगच्या एका मोसमात १२० इनिंगच्या पुढे तो कधी गेलेला नव्हता. ब्युलर आणि कर्शॉ हे दोघे पिचरही शस्त्रक्रियेनंतर सावरत होते. २०२२ मध्ये १११ आणि २०२३ मध्ये १०० सामने जिंकूनही दोन्ही वेळा प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) आपल्या पहिल्याच मालिकेत बाहेर पडलो होतो, ते सलत होतं. ऑक्टोबरला, प्लेऑफच्या वेळी, तीन धडधाकट स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) हाताशी असले, तर माझ्याही मते विजेतेपद धरूनच चालण्यासारखं होतं.