लिनक्सवर वायफाय चालेना तेव्हा घोडं नेमकं कुठे अडलं होतं? अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा लॅपटॉप हातात आला. नुकतंच लिनक्स टाकलेलं, आवाज चालू, टचपॅड चालू, कॅमेरा चालू, फक्त वायफायचा आयकॉनच नाही. सेटिंगमध्ये गेलं की 'वायफाय अडॅप्टर सापडला नाही' एवढंच. तिने तोवर नेटवर शोधून सात-आठ कमांड मारून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन भलत्याच चिपच्या होत्या आणि एकीने तिच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हरच (कार्ड चालवणारा प्रोग्राम) ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे 'हे लोड करू नको'च्या यादीत, जाऊन बसला होता. मूळ बिघाड दहा मिनिटांचा, पण त्यावर चढलेली पुटं काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

झालं काय होतं ते सांगतो. आत लागलेल्या कार्डांची यादी देणारी एलएसपीसीआय (lspci) ही कमांड एनएनके (-nnk) जोडून चालवली तर यादीत कार्डाचं नाव आलं, म्हणजे कार्ड जिवंत आहे. त्याखाली 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ होती (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा ड्रायव्हर) पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती, म्हणजे ड्रायव्हर आहे पण लागलेला नाही. हे दिसल्यावर पासवर्ड, राउटर, डीएनएस यांचा विचारच करायचा नाही, घोडं इथेच अडलंय. ब्लॅकलिस्टची फाइल काढली, रीस्टार्ट केलं, आणि मग डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) खरी गोष्ट दिसली, फर्मवेअर (कार्डात भरावा लागणारा प्रोग्राम) लोड होत नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे ती फाइल जागेवरच नाही. तिच्याकडे पेनड्राइव्हवर जुनं डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) होतं, त्याच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेलं, फर्मवेअर नसायचं (२०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन हे बदललं, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं). फोन यूएसबीने जोडला, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रीस्टार्ट, आली यादी. वायफाय नसताना नेट कुठून आणायचं असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे यूएसबी टेदरिंगच सांगतो, बहुतेक वेळा काही न टाकता चालतं.

तर तुमचे अनुभव लिहा. नुसतं 'अमुक कमांड मारली आणि चाललं' नको, स्क्रीनवर काय दिसलं आणि कशावरून कळलं ते लिहा, पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

*

माझं छोटंसं आहे. जुना लॅपटॉप, नेटवर्कची यादी रिकामी. आरएफकिल लिस्ट (वायफाय कुठे अडवलंय का ते दाखवणारी rfkill कमांड) चालवलं तर वायरलेस लॅनखाली सॉफ्ट ब्लॉक्ड नो, हार्ड ब्लॉक्ड येस. मी आरएफकिल अनब्लॉक परत परत देत होते आणि ते निमूट संपायचं, एररबिरर काही नाही, म्हणून मला वाटायचं झालं असेल. खालची ओळ नीट वाचलीच नव्हती. सॉफ्ट ब्लॉक कमांडने निघतो, हार्ड ब्लॉक म्हणजे खराखुरा स्विच नाहीतर बायोस (लॅपटॉप सुरू होतानाची सेटिंग), तिथे कमांडचं काही चालत नाही. लॅपटॉप उचलून पुढच्या कडेवर टॉर्च मारला तेव्हा हेडफोनच्या भोकाशेजारी नखाएवढी काळी सरकपट्टी दिसली, काळ्यावर काळी, अडीच वर्षांत कधी लक्षच गेलं नव्हतं. सरकवली, मागची नारिंगी खूण झाकली गेली आणि दोन सेकंदांत आयकॉन आला.

*

माझ्याकडे उलटं होतं. वायफाय जोडलेलं, सिग्नल भरलेला, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. महिनाभर मी राउटरलाच दोष देत होतो. मग एकदा टर्मिनलमध्ये पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवलं, बाहेरच्या साइटला नाही, घरातल्याच राउटरला, कारण बाहेर लावलं की मधल्या कुठल्या टप्प्यावर वेळ जातोय ते कळत नाही. आकडे असे येत होते: दोन मिलिसेकंद, तीन, दोन, मग एकदम दीडशे, ऐंशी, परत दोन. त्याच वेळी फोन तिथेच शेजारी ठेवून बघितलं तर फोनवर सगळं सुरळीत.

आयडब्ल्यू (iw) या वायफायच्या कमांडने विचारलं तर पॉवर सेव्ह ऑन. तात्पुरतं ऑफ केलं आणि पिंगचे आकडे एका रांगेत आले, डोळ्यांदेखत. यात होतं असं की बॅटरी वाचवायला कार्ड मधेमधे डुलकी घेतं, तेवढ्या वेळात राउटर त्याच्यासाठी आलेला डेटा धरून ठेवतो आणि 'तुझं काहीतरी आलंय' हे बीकनमधून (राउटर सतत सोडत असतो त्या इशाऱ्यातून) सांगतो, आणि बीकन असतात साधारण सेकंदाला दहा. म्हणजे कार्ड एखादा बीकन चुकलं तरी शंभरेक मिलिसेकंद गेलेच. वेबपान उघडताना हे जाणवत नाही, बोलताना जाणवतं.

कायमचं करायचं तर नेटवर्कमॅनेजरच्या (लिनक्समध्ये नेटवर्क जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फ डॉट डी (conf.d) फोल्डरमध्ये पॉवरसेव्हची फाइल असते, माझ्या उबुंटूत तिथे ३ होतं, ते २ केलं. हे आकडे नीट बघा बरं का, ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. बरेच जण तिथे ० टाकतात आणि फरक पडला नाही म्हणतात, पण ० म्हणजे बंद नाहीच, ० म्हणजे डिफॉल्ट.

*

पॉवर सेव्हला अनुमोदन, आमच्याकडेही तेच निघालं होतं.

*

माझं वायफाय दर मोठ्या अपडेटनंतर मरायचं. अपडेट, रीस्टार्ट, वायफाय गायब, मग ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करायचा, मग दीड महिना शांतता, की परत तेच. थिसिस लिहायच्या दिवसांत हे झालं की रडूच यायचं. एकदा दादा म्हणाला, ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होताना येणारा मेनू) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सला जा आणि मागचा कर्नल निवड. निवडला तर वायफाय चालू! तेव्हा पहिल्यांदा कळलं की कार्ड, राउटर, सेटिंग सगळं ठीक आहे, नव्या कर्नलसाठी मॉड्यूलच बांधलं गेलेलं नाही एवढंच आहे. माझा ड्रायव्हर कर्नलमधला नव्हता, बाहेरून घेतलेला होता, आणि तसा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो.

हे काम आपोआप करायला डीकेएमएस असतं. ते टाकलं, तरी पुढच्या अपडेटला परत तेच. डीकेएमएस स्टेटस बघितलं तर जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आणि नव्याचं नावच नाही. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) आलेले नव्हते, आणि हेडर्स नसतील तर बांधणार कशावर. हेडर्सचं ते मेटा पॅकेज टाकलं, जे कर्नलबरोबर स्वतःच पुढे सरकतं, मग मॉड्यूल बांधलं गेलं.

आणि मग मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) म्हणालं 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. यातली की म्हणजे वायफायची नाही, सिक्युअर बूटची (सुरू होताना सही तपासणारं कुलूप). मी दोन दिवस वायफायचा पासवर्ड बदलून बघत होते, कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. मॉकयूटिल (mokutil) कमांडने स्वतःची किल्ली इंपोर्ट करायची, ते एक पासवर्ड ठरवायला लावतं, मग रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबावं लागतं, नाहीतर ते सरळ पुढे जातं आणि सगळं पहिल्यापासून. माझं दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा बोट एंटरवर ठेवूनच बसले, एनरोल मॉक, कंटिन्यू, मगाचा पासवर्ड, झालं. बरेच लोक सिक्युअर बूट बंदच करा म्हणतात. मला ते पटत नाही, पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी कुलूपच काढून कशाला ठेवायचं.

पुढे वर्षभराने कळलं की माझ्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आलाय, आरटीडब्ल्यू८८ नावाने. मग बाहेरचं मॉड्यूल काढूनच टाकलं, तेव्हापासून अपडेटची भीती नाही. बाहेरचा ड्रायव्हर शोधायच्या आधी नवीन कर्नल लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवून बघा, खरंच.

*

लॅपटॉपचा पंखा साफ केला आणि वायफाय फक्त राउटरच्या खोलीत चालायला लागलं. ड्रायव्हर तोच, कर्नल तोच. आयडब्ल्यूच्या लिंक कमांडमध्ये सिग्नल उणे ८२ डीबीएम, आधी त्याच खुर्चीवर उणे ५० च्या आसपास असायचा. उणे आकडा आहे, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. परत उघडलं तर कार्डावरच्या दोन बारीक वायरींपैकी काळी निघून बाजूला लोळत होती. तिच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी पितळी टोपी असते, ती कार्डावरच्या बटणावर बरोबर सरळ धरून अंगठ्याने दाबायची, टिक असा आवाज येतो, तिरकी दाबली तर मधली पिन वाकते. बॅटरी आधी काढून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये मी चार तास घालवले होते, आणि आठवायचं फक्त एवढंच होतं की चालत होतं तेव्हापासून आत्तापर्यंत मी काय काय हात लावलाय.

*

वरच्यासारखंच, पण काही न उघडता. बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला लावली की माझं वायफाय जायचं, काढली की यायचं. कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. स्कॅन करून मोजलं: डिस्क नसताना चौदा नेटवर्क दिसत होती, डिस्कवर कॉपी चालू असताना तीन. यूएसबी ३ च्या वायरीतून जो गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, यावर इंटेलने २०१२ मध्ये पेपरसुद्धा काढला होता. मी राउटरवर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं आणि लॅपटॉप त्यालाच जोडला. ते जमत नसेल तर डिस्क लांब वायरीने जरा दूर ठेवा किंवा यूएसबी २ च्या पोर्टला लावा, कॉपी हळू होईल पण नेट राहील.

*

हॉस्टेलचं वायफाय जोडलं जायचं पण लॉगिनचं पान उघडायचंच नाही, सर्टिफिकेट एरर. आयपी मिळालेला होता. कारण निघालं तारखेचं! मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि लॅपटॉपची तारीख दोन वर्षं मागे गेली होती, म्हणून ब्राउझरला सर्टिफिकेट 'अजून सुरूच न झालेलं' वाटत होतं. वेळ नेटवरून आपोआप दुरुस्त झाली असती, पण लॉगिन केल्याशिवाय नेट नाही आणि वेळ दुरुस्त झाल्याशिवाय लॉगिन नाही. तारीख हाताने टाकली, उघडलं. सेल नंतर बदलला.

*

ऑफिसच्या वायफायचा अनुभव, जिथे युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही लागतात तसलं. उबुंटू २०.०४ वर चालायचं, २२.०४ वर गेलो आणि बंद. पासवर्ड बरोबर, फोनवर तोच चालतोय, इथे मात्र परत परत पासवर्डची खिडकी. ती खिडकी दिशाभूल करते, काहीही बिनसलं तरी नेटवर्कमॅनेजर पासवर्डच विचारतो. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदी दाखवणारी कमांड) डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या (वायफायचं लॉगिन करणारा प्रोग्राम) ओळी बघितल्या तर तिथे होतं 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड'. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं, आणि ते सर्व्हरची ही जुनी पद्धत स्वतःहून मान्य करत नाही. कॉन्फिगमध्ये ती परवानगी देता येते आणि मी आठवडाभर तसं चालवलं, पण तो तात्पुरता उपाय, सुरक्षा कमी होते. मी ती ओळ जशीच्या तशी आमच्या नेटवर्क टीमला मेल केली. 'लिनक्सवर चालत नाही' असं आधी दोनदा कळवलं होतं तेव्हा काही हाललं नव्हतं. नेमकी ओळ दिल्यावर त्यांनी सर्व्हर अपडेट केला.

*

माझं अजून सुटलेलं नाही, म्हणून इथेच विचारतो. यूएसबी डोंगल आहे. एलएसयूएसबीमध्ये (यूएसबीवर काय लागलंय ते दाखवणारी कमांड) दिसतो, ड्रायव्हर लागलाय, आरएफकिलमध्ये दोन्ही नो, नेटवर्कची यादी येते. जोडायला गेलं की अर्धा मिनिट फिरतं आणि सुटतं. पासवर्ड तीन वेळा तपासला. गंमत म्हणजे नेटवर्कमॅनेजर बंद करून डब्ल्यूपीए सप्लिकंट हाताने चालवला की लगेच जोडलं जातं.

*

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. हाताने जोडलं जातंय म्हणजे डोंगल, ड्रायव्हर, पासवर्ड, राउटर सगळं सुटलं, राहिला फक्त नेटवर्कमॅनेजर. तो स्कॅन करताना कार्डाचा मॅक अॅड्रेस (त्याची ओळखसंख्या) बदलून खोटा लावतो, तुमचा माग कोणी काढू नये म्हणून. सोय चांगली आहे, पण काही यूएसबी डोंगलच्या ड्रायव्हरना मॅक असा मधेच बदललेला झेपत नाही. कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये नवीन फाइल करा, डिव्हाइस या सेक्शनखाली 'वायफाय डॉट स्कॅन रँड मॅक अॅड्रेस' ही सेटिंग नो करा (wifi.scan-rand-mac-address=no), आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. डोंगल काढून परत लावा. नाही चाललं तर जोडतानाच्या जर्नलच्या शेवटच्या वीस ओळी इथे टाका.

*

चाललं! पहिल्याच वेळी जोडलं गेलं. दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, झोपवून उठवूनही बघितलं, टिकलंय. हे त्यावरूनच लिहितोय.