माशांच्या मायक्रोआरएनएवर सरकारने पैसा घालावा का?

पाषाणवाली:
२०२४ चं नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला मिळालं तेव्हा चर्चा झाली ती कॅन्सरची. माशांचं नाव कुणी काढलं नाही. जेमतेम २२ अक्षरांचा हा आरएनएचा तुकडा प्रथिन बनवत नाही, जनुकातली प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिन बनणं रोखतो. झेब्राफिशला जिवाणूसंसर्ग झाला की मिर-१४६ नावाचा मायक्रोआरएनए वाढतो. माणसात हाच दाहाला लगाम घालतो. कोळंबीकडे तर प्रतिपिंडंच (अँटीबॉडी) नाहीत. तिची प्रतिकारशक्ती कशी चालू-बंद होते हे कळायलाच हवं. माझ्या मते राज्याने यावर खर्च करावा.

भिगवणकर:
ताई, माझी तळी उजनीच्या काठाला. श्रावणात चार दिवस ऊन नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे वीज गेली, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद. बॅटरी मारून बघितलं तर रोहू तोंडं वर काढून नुसते गपागपा करत होते. उजाडेपर्यंत अर्धे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. आधी ऑक्सिजन मीटर द्या, चांगली बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं द्या. तुमचा आरएनए नंतर.

पाषाणवाली:
दादा, वाचून वाईट वाटलं. मीटर हवाच. पण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू ३ ते १० दिवसांत कोळंबीचं तळं रिकामं करतो, तिथे मीटर काय करणार? हा विषाणू स्वतःचे मायक्रोआरएनए बनवतो. त्यातला एक कोळंबीच्या कॅस्पेज-८ जनुकाला, म्हणजे बाधित पेशीला मरायला लावणाऱ्या जनुकाला, दाबतो. मग जी बाधित पेशी एरवी स्वतःला संपवून टाकते, ती जगते, आणि विषाणू तिच्यात वाढत राहतो. हा डाव ओळखल्याशिवाय मोडणार कसा?

जुना झूलॉजीवाला:
डाव खरा, पण उपाय लांब आहे. एकेक मायक्रोआरएनए कितीतरी जनुकांच्या संदेशांवर बसतो. एक दाबायला जावं तर दहा हलतात. खाद्यातून दिला तर आतड्यात टिकत नाही. निदानासाठी म्हणाल, तर तापमान, उपासमार, ऑक्सिजन, सगळ्यानेच त्याची पातळी बदलते. विषाणू थेट पकडणारी पीसीआर चाचणी आहे. तळ्यात बीज (पिल्लं) सोडण्याआधी ती प्रत्येकाला परवडू दे, पैसा तिथे घाला.

भिगवणकर:
सरांचं पटतं. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या पहाटे पाणी एक, खाद्य एक, बीजही एकाच गाडीतलं. मग निम्मे कसे वाचले? ताई, पुढच्या वेळी फोन करतो. मेलेले न्या, जगलेलेही न्या.