माळ्यावरून पांढरा भुगा पडायलाय: वाळवी की भुंगा? कडीपाट काढावा का?

जांबोटीरोड (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. जुन्या घरांतलं कळणारे इथं बरेच आहेत म्हणून विचारते. जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडं जो तो येतो, नुसतं वर बघतो आणि निकाल देऊन जातो.

घर आजोबांनी बांधलेलं. पाया खणला तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि कौलं चढली तेव्हा म्हैसूर राज्यात, असं आजी सांगायची. म्हणजे 1956 चं धरा. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधे माजघर, माजघरावर कडीपाट म्हणजे तुळयांवर फळ्या, त्यावर माळा आणि मंगळुरी कौलं. खांब फणसाचे, तुळया मत्तीच्या म्हणजे ऐनाच्या, चौकटी सागवानी. आई तिथंच राहते. मी बेळगावात नोकरीला, सुट्टीला जाते.

यंदा पाऊस उघडल्यापासून माजघरात भुगा पडायलाय. आईनं सकाळी केर काढला की दुपारच्या चहाला परत त्याच जागी चिमूटचिमूट ढीग, बहुतेक देवघराच्या दाराशी आणि मागच्या भिंतीकडं. रंग पांढरट. चिमटीत चोळला तर मैद्यागत, खरखर अजिबात लागत नाही. वर बॅटरी मारली की फळ्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. खाली भाताची पोती आहेत. आईनं त्यांच्यावर जुनं लुगडं टाकलंय आणि ते रोज अंगणात नेऊन झटकते. शेजारीण म्हणाली, वैनी, तुमच्या घरात रोज गिरण चालू हाय की काय.

आणखी एक सांगायचं म्हणजे 2019 च्या ऑगस्टात जो पाऊस झाला त्यात आमची मागची भिंत खचली. तिकडच्या काही फळ्या आणि रीपा (कौलाखालच्या पट्ट्या) तेव्हा बदलल्या. काम रखडत रखडत लॉकडाऊननंतर पुरं झालं. काका बघत होते ते सगळं. लाकूड कुठलं आणलं ते आता विचारायला काका नाहीत.

आता सल्ले ऐका. चुलतभावानं आणलेला कंत्राटदार म्हणतो सगळं लाकूड गेलंय, उतरवा आणि स्लॅब टाका. शहरातून फवारणीवाले आले, ते माळ्यावर चढलेसुद्धा नाहीत, खालूनच अंगण मोजलं आणि दर सांगितला. गावात कुणी म्हणतंय तंबाखूचं पाणी मारा, कुणी जळकं ऑइल. एका दुकानदारानं तर धान्यात ठेवायच्या गोळ्या माळ्यावर ठेवून दारं लावून घ्या म्हणून सांगितलं. आई स्लॅबला तयार नाही. ती म्हणते, उन्हाळ्यात त्या स्लॅबखाली तुम्ही बसा.

ही वाळवी आहे का? कडीपाट वाचेल का? आणि वाचत नसेल तर ते तरी कशावरून ठरवायचं?

कौलारू

वाळवीच आहे बघा. आमच्यात रॉकेल मारलं होतं, गेली. फार विचार करू नका.

पटाशी_शहापूर (बेळगाव)

ताई, रॉकेल राहू दे. कौलाखाली वाळकं लाकूड, खाली देवघरात समई, आणि वर रॉकेल! किडा मरायचा तेव्हा मरेल.

आमच्या घरात सुतारकी पिढीजात. मी आता जुनं फर्निचर दुरुस्त करतो, त्यामुळं हा भुगा रोज नाकातोंडात जातो. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही वाळवी नव्हे. वाळवी जमिनीतून येते, भिंतीवरून मातीच्या नळ्या काढत वर चढते, आणि खाल्लेल्या जागी माती भरून ठेवते. खाली पीठ पाडत बसत नाही. कोरड्या लाकडात राहणारी एक वाळवी असते, ती पाडते, पण तिचे कण खसखशीसारखे, बोटाला टोचतात. मैद्यागत भुगा आणि टाचणीएवढं भोक म्हणजे लाकडातला बारका भुंगा. भोकं पेन्सिल जाईल एवढी असती आणि भुगा जाडाभरडा असता तर मी दुसऱ्या किड्याचं नाव घेतलं असतं.

आता याची रीत समजून घ्या, म्हणजे कोण काय विकायलंय ते तुम्हालाच कळेल. मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. अळी आत राहून महिनोन्‌महिने, कधी वर्षभर खात बसते. पूर्ण वाढ झाली की भुंगा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते त्याचं बाहेर पडायचं दार. खाणाऱ्या बाकीच्या अळ्या अजून आतच आहेत. म्हणून खालनं नुसता फवारा मारून गेलेल्या माणसाला पैसे देऊ नका. रंग किंवा पॉलिशवरून मारलेलं औषध आत उतरतच नाही.

आणि हा सगळं लाकूड खात नाही. त्याला पिष्ट लागतं, ते सालीकडच्या पांढऱ्या लाकडात असतं. ऐनाचा, सागाचा, फणसाचा गाभा त्याच्या कामाचा नाही. तुमच्या तुळया गाभ्याच्या असतील तर 1956 पासून ज्याला त्यानं तोंड लावलं नाही ते आज कशाला खाईल? मला संशय 2019 नंतरच्या फळ्यांचा. त्या वेळी घाईत बहुतेक ठिकाणी आंबा नाहीतर 'जंगली लाकूड' म्हणून मिळतं ते बसलंय. आंब्यावर हा भुंगा तुटून पडतो.

आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी तुमच्या भागात ओंडके मलप्रभेच्या डोहात बुडवून ठेवायचे आणि बांबू अवसेला तोडायचे. अवसेचं मला सांगता येणार नाही, पण भिजत घालण्यात अर्थ होता. पाण्यात पिष्ट निघून जातं, मग किड्याला आत काही उरत नाही. हल्ली ओलं लाकूड कापतात, वाहनात घालतात, आठवड्यात डोक्यावर चढवतात.

आधी तपास करा. सुताराला घेऊन माळ्यावर चढा, कंत्राटदाराला नको. पोती आधी हलवा, वजन कमी होऊ दे. प्रत्येक तुळईला हातोडीनं ठोकत जा, टणटण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर तिथं पेचकस दाबून बघा. भोकं आहेत त्या जागा ब्रशनं साफ करा, भोकांत मेण भरा, खाली काळं कापड अंथरा. आठवड्यानं ज्या फळीखाली भुगा दिसेल त्या फळीत किडा जिवंत. जुन्या भोकांतला राहिलेला भुगा नुसत्या पायांच्या हादऱ्यानंही पडतो, त्याला घाबरू नका.

औषध मी सांगतो ते स्वस्त आहे. टाकणखार, सराफ डाग द्यायला वापरतात तो, आणि बोरिक पावडर, जी कॅरमवर टाकतो ती. दहा लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक. लाकूड आधी तासून किंवा घासून उघडं करायचं, मगच ब्रशनं दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, भोकांत सिरिंजनं. हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून धान्याच्या कणगीला आणि पोळपाटाला लावायचं नाही. पूर्ण वाळल्यावर वर बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, हात द्या. रंध्रं बुजली की मादीला अंडी घालायला जागा राहत नाही. पावसाचं पाणी लागतं तिथं हे औषध धुऊन जातं, एवढं ध्यानात ठेवा.

आणि त्या गोळ्या. ताई, त्या गोळ्या घरात अजिबात नको. त्यातनं जो वायू निघतो त्यानं माणसं मेलीत. तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्या वापरायची परवानगीच नाही. कौलारू घर हवाबंद होत नाही, वायू फटीतनं खाली उतरणार आणि खाली आई झोपलेली असणार. त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा.

निपाणी_वखार

तंबाखूच्या पाण्याबद्दल मी बोलतो, कारण आमचं आयुष्य वखारीत गेलं. तंबाखूच्या बोदांना म्हणजे गठ्ठ्यांना जो भुंगा लागतो तो जन्मभर तंबाखूच खातो, तंबाखूतच अंडी घालतो आणि फर्निचर पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या कुळातलाच आहे. त्यामुळं तंबाखू दाखवली की भुंगा पळतो हे निपाणीत कुणाला सांगू नका, हसतील. दुसऱ्या किड्यांना ते पाणी लागू पडतं, पण लाकडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोचणार कसं? वर तोंड करून मारताना अंगावर मात्र गळणार, आणि तंबाखूचं पाणी कातडीतनं शरीरात जातं. पानं खुडणाऱ्या बायकांना मळमळ होते ती त्यामुळंच.

जळक्या ऑइलचं एवढंच म्हणतो की माजघरात जेवायला बसता ना?

जांबोटीरोड

सगळ्यांचे आभार. पटाशीदादा, सुताराला घेऊन वर चढले. आई खालून शिडी धरून सूचना देत होती, ती वेगळीच कथा.

भुगा फक्त मागच्या भिंतीकडच्या आणि देवघरावरच्या नव्या फळ्यांखालीच पडायलाय. सुतारानं एक फळी उचलून काठ सोलला आणि म्हणाला आंबा. बोटानं दाबली तर वरचा पापुद्रा खचला आणि आत नुसतं पीठ. जुन्या फळ्या कोरड्या खणखणीत. एका तुळईच्या कडेला सालीकडची पांढरी पट्टी राहिलेली होती, ती पोखरलेली. सुतारानं पटाशी लावली, नखाएवढी पट्टी भुरभुर खाली आली आणि पुढं तांबूस लाकूड लागलं. त्यावर पटाशी उसळून परत आली. सुतार खूश झाला, म्हणाला असलं लाकूड आता बघायलासुद्धा मिळत नाही.

पण त्याच ओळीतल्या एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक भद्द वाजलं. पेचकस सहज आत गेला. तिथं भोकं नाहीत, भुगा नाही, लाकूड काळं आणि ओलसर, चौकोनी तुकडे पडल्यासारखं. वर बघितलं तर नेमकं तिथलं कौल सरकलेलं. ही पण कीडच का? चुलतभावाला हे कळलं तर स्लॅबचं परत सुरू होईल.

पटाशी_शहापूर (बेळगाव)

ते कुजलंय, किडलेलं नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या घरात भ्यायचं असेल तर त्या टोकाला भ्या, भुग्याला नको. भुग्यानं आंब्याच्या फळ्या जातील, त्या आज ना उद्या जायच्याच होत्या. तुळईचं टोक सुटलं तर माळा खाली येतो. आजच्या आज तिच्याखाली भक्कम टेकू द्या, खाली फळी घालून, नाहीतर टेकू जमिनीत रुतेल. तोवर त्या तुळईखालच्या भागात आईला बसू देऊ नका.

मग कौल बसवा आणि टोक उघडं करून वाळू द्या. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल घालून बोल्ट मारायचे, भिंतीत टेकतं तिथं खाली दगड ठेवायचा आणि बाजूनं हवा खेळेल एवढी फट. मातीत नाहीतर सिमेंटात लाकूड चिणून टाकू नका, परत तेच होणार. हे काम बघितलेला माणूस पाहिजे. जमलं तर एखादा स्ट्रक्चरल इंजिनियर एकदा आणून दाखवा, चुलतभावाला पण कागदावर उत्तर मिळेल.

फळ्या नव्या घ्यायच्या तर बेळगावात जुने वाडे पडतात तिथलं जुनं लाकूड बघा. गाभ्याचं असतं, वाळलेलं असतं. फक्त विकत घ्यायच्या आधी उन्हात उलटसुलट करून भोकं बघा, नाहीतर दुसऱ्याचा भुंगा भाडं देऊन घरी आणाल.

घाटावरचा (चंदगड)

आमच्याकडं वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. काळं होतं पण वर्षानुवर्षं कीड धरत नाही. लागलेल्या किड्यावर त्याचा उपयोग नाही, नव्या लाकडाला आधी लावायचं. अंगावर सांडू देऊ नका, फोड येतात, माझ्या मनगटावर डाग आहे. माजघरात काळं आवडणार नसेल तर माळ्यावरच्या वाशांना तरी लावा.

जांबोटीरोड

टेकू दिला. आई म्हणते तो टेकू आता तसाच राहू दे, कंदील अडकवायला बरा आहे. इंजिनियर पुढच्या आठवड्यात येणार आहेत. एकच राहिलं: देव्हारा सागवानी आहे, पण मागची फळी कसली तरी पांढरी, तिलाही दोन भोकं दिसली. तिथं टाकणखार चालेल का? आणि काढलेल्या फळ्यांचं काय करू? आई म्हणते गोठ्यात रचून ठेव, उपयोगी पडतील.

पटाशी_शहापूर (बेळगाव)

देव्हाऱ्याची मागची फळी बदलूनच टाका, एवढ्याशा फळीला औषध कशाला. सागवानी भागाला आतून एक हात द्या, वाळल्यावर बेलतेल. नैवेद्य ठेवता तिथं मात्र लावू नका.

फळ्या गोठ्यात नको. त्यातनं भुंगे निघून संध्याकाळी दिव्यावर येतील आणि तुमच्या नव्या लाकडाला अंडी घालतील. औषध न मारलेल्या फळ्या न्हाणीच्या चुलीला लावून संपवा, उन्हाळा लागायच्या आत. औषध किंवा रंग लागलेल्या चुलीत घालू नका, त्या वेगळ्या काढा. आणि आईंना सांगा, कंदील टेकूला नको, खिडकीत अडकवा. वर सगळं वाळकं लाकूड आहे.