ख्रिस्ती मंडळीच्या मुलांचा रेडिओ कार्यक्रम उपदेश न होता कसा करावा?

सुदामानगरकर (प्रश्न)
सर्वांना सलाम. इंदूरमधील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात १३ ते १८ वयाची पंधरा-सोळा मुले आहेत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या या मुलांपैकी निम्मी चारचौघांत बोलायची वेळ आली की मान खाली घालतात. त्यांना धीर यावा, वळणही लागावे, म्हणून आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. पहिला प्रयत्न मात्र फसला : पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) पंचवीस मिनिटे बोलले आणि मुलांच्या वाट्याला सुरुवातीचे गीत तेवढे आले. प्रसारण कसे करावे आणि मुलांकडून काय करवून घ्यावे?

नियमवाला
खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थांना मिळत नाही. सामुदायिक रेडिओ २००६ च्या धोरणाने ना-नफा संस्थांना खुला झाला खरा. परंतु संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षांची लागते, प्रक्षेपक साधारणपणे १०० वॉटपर्यंतचाच चालतो आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सोळा मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? १९६९ पासून मनिलाहून लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) बोलणाऱ्या रेडिओ व्हेरितास एशिया या कॅथलिक केंद्रानेही २०१८ मध्ये लघुलहरी सोडून इंटरनेटची वाट धरली. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात पाठवा.

जुनी निवेदिका
मी तरुणपणी येथील मालवा हाउसमध्ये आकाशवाणीच्या 'युववाणी' या तरुणांच्या कार्यक्रमासाठी निवेदन करीत असे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तो माझा नाहीच असे वाटले होते. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, ध्वनिमुद्रणात तो भाग नसतो, म्हणून तो पातळ वाटतो. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर लाजरे मूल दुसऱ्यांदा माइकसमोर येणार नाही. संहिता मुलांनीच लिहावी, मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरावेत, आणि 'प', 'फ' फुटू नयेत म्हणून तोंड माइकपासून किंचित बाजूला ठेवावे. वेळ पाळण्याची शिस्त मी तिथेच शिकले, घरी कोणी शिकवली नव्हती. लाजऱ्या मुलाकडे आधी घड्याळ किंवा ध्वनिमुद्रण सोपवा; काम अंगवळणी पडले की तो आपणहून बोलू लागतो.

शिक्षिका, रामबाग
विषय उपदेशाचा नको, पेचाचा हवा. येशूच्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (धाकटा मुलगा पैसा उधळून परततो, बाप मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो) आपण नेहमी धाकट्याचीच बाजू घेतो. माझ्या वर्गातील पंधरा वर्षांच्या एका मुलीने मात्र रात्रंदिवस शेतात राबलेल्या मोठ्या भावाचे स्वगत लिहिले आणि 'माझ्यासाठी एक करडूसुद्धा कापले नाही' या वाक्यावर ती स्वतःच थांबली. नंतर वर्गात अर्धा तास न्याय आणि माया यांवर चर्चा झाली, तीही मी तोंड न उघडता. एक पथ्य मात्र पाळा : कोणाही मुलाची घरगुती अडचण किंवा चूक 'साक्ष' (श्रद्धेचा जाहीर अनुभव) म्हणून प्रसारित करू नका, आणि पालकांची संमती लेखी घ्या. गटात गेलेला आवाज परत घेता येत नाही.

सुदामानगरकर
आभार. मोठ्या भावाचे स्वगत हिंदीत असावे की मराठीत, यावर दोन मुलांत वाद सुरू आहे, आणि एरवी मान खाली घालणारा मुलगा त्यात सर्वांत मोठ्याने बोलतो आहे. पाळकसाहेबांना दोन मिनिटे दिली आहेत. घड्याळ आठवीतल्या मुलीच्या हाती आहे.