टायगर अँड ड्रॅगन: याकुझा समजतो, राकुगो निसटतो. ही मालिका कशी पाहावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त पुण्यात. जपानी कंपन्यांची यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणायचं काम करते. दिवसभर डोळ्यांसमोर पंप, व्हॉल्व्ह आणि "कृपया हात लावू नये". आमच्या जपानीच्या बाई एकदा म्हणाल्या, "तुला जपानी वाचता येतं, पण माणसं बोलतात ते कुठे येतंय?" आणि त्यांनीच ही मालिका बघायला सांगितली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या टीबीएस वाहिनीवर २००५ साली आली, लेखक कुदो कानकुरो. तोराजी नावाचा एक तरुण याकुझा, म्हणजे गुन्हेगारी टोळीतला माणूस, वसुलीसाठी निघतो. तोक्योच्या आसाकुसा भागात एका राकुगो कलावंताची गोष्ट कानावर पडते (राकुगो म्हणजे एकट्याने बसून गोष्ट सांगायची जुनी जपानी कला) आणि तो जागीच खिळतो. नंतर कळतं की वसुली करायची ती याच दोनबेई गुरुजींकडून. मग दोघांत ठरतं: गुरुजींनी एक गोष्ट शिकवली की तोराजीने एक लाख येन फी द्यायची आणि गुरुजींनी तेच पैसे कर्जाचा हप्ता म्हणून त्याच्या हातात परत ठेवायचे. गुरुजींचा धाकटा मुलगा र्‍युजी, ज्याच्या अंगात ही कला उपजत आहे, तो सगळं सोडून हाराजुकूत कपड्यांचं दुकान चालवतो. तोरा म्हणजे वाघ, र्‍यु म्हणजे ड्रॅगन.

विशेष भाग आणि पहिले दोन भाग झाले. भांडणं, दमदाट्या, प्रेमप्रकरणं सगळं कळतं. पण गुरुजी बैठकीवर बसून बोलू लागले की माझा पाय घसरतो. एकतर ती जुन्या एदोची, म्हणजे जुन्या तोक्योची, बोली. दुसरं म्हणजे शेवटच्या वाक्याला सगळे हसतात आणि मी सबटायटल मागे नेऊन पुन्हा वाचते: "आता मला चहाची भीती वाटते." यात काय हसायचं?

आणखी एक सांगायचं आहे. माझे बाबा चाळीस वर्षं कीर्तनाला पेटीची साथ करायचे. आता चौर्‍याहत्तरचे आहेत. संध्याकाळी शेजारी येऊन बसतात, जपानी एक अक्षर कळत नाही. तोराजी पहिल्यांदा बैठकीवर बसला तेव्हा दोन मिनिटं बघून म्हणाले, "हा गोष्ट सांगत नाहीये गं, पाठ म्हणून दाखवतोय." आणि खरंच, मालिकेत सगळे त्याला तेच म्हणतात. भाषा न कळता बाबांना हे कसं दिसलं?

तर प्रश्न असा: प्रत्येक भागाआधी ती मूळ गोष्ट वाचून घ्यावी का? मग विनोदातली गंमत जाणार नाही का?

---

उंडगा

विशेष भाग आधी पाहिलात ते चांगलं केलंत, बरेच जण तो सोडतात आणि मग गोंधळतात. पुढे ११ भाग आहेत. प्रत्येक भागाचं नाव म्हणजे एका जुन्या राकुगो गोष्टीचं नाव. विशेष भागाची 'सानमाई किशो', पहिल्या भागाची 'शिबाहामा', दुसर्‍याची 'मांजू कोवाई'. नाव बघायचं, गोष्ट शोधून वाचायची, मग भाग लावायचा. मी तसंच केलं.

---

निशिकासाईकर

कृष्णाकाठ, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. मी कोल्हापूरचा, २०१४ पासून तोक्योत, एदोगावा भागात राहतो. आसाकुसाच्या एंगेई हॉलमध्ये, म्हणजे राकुगोच्या नाट्यगृहात, महिन्यातून एकदा तरी जातो. ही सवय मला याच मालिकेने लावली.

आधी चहाचं सांगतो. चार मित्र बसलेत, कोण कशाला घाबरतो याची चर्चा चाललीय. कुणी साप म्हणतो, कुणी कोळी. एक शहाणा म्हणतो, मला मांजूची भीती वाटते. मांजू म्हणजे आत लाल अझुकी कडधान्याचं गोड पुरण भरलेला वाफवलेला गोळा. त्याची जिरवायची म्हणून मित्र ढीगभर मांजू आणून त्याच्या खोलीत ठेवतात आणि बाहेरून कान लावतात. आतून किंकाळ्या: "अरे बापरे, किती भीतिदायक!" आणि एकीकडे चापून खाणं. मित्रांना डाव कळतो, ते चिडून विचारतात, खरं सांग, तू घाबरतोस कशाला? तो म्हणतो, "आता कडक चहाचा एक पेला फार भीतिदायक वाटतोय." एवढं गोड खाल्ल्यावर त्याला घोटभर चहा हवाय, म्हणून.

या शेवटच्या वाक्याला 'ओची' म्हणतात, म्हणजे पडणं. गोष्ट तिथे धपकन पडते आणि कलावंत वाकून नमस्कार करतो. पुढे एक शब्द बोलत नाही.

बोलीचं म्हणाल तर एक किल्ली देतो. जुन्या एदोच्या माणसाच्या तोंडात 'हि'चा 'शि' होतो. आसाहि शिंबुन हे वर्तमानपत्राचं नाव तो आसाशि शिंबुन म्हणतो. एवढं कानाला लावून घेतलंत की निम्मे शब्द ओळखीचे वाटू लागतील.

आता बाबांना काय दिसलं ते. राकुगोत एकच माणूस, गुडघे मुडपून उशीवर बसलेला. उठायचं नाही. हातात फक्त पंखा आणि सुती हातरुमाल. मिटलेला पंखा चॉपस्टिक होतो, चिलीम होतो, लेखणी होते. पात्रं बदलतात ती मानेवर. बाहेरून आलेला माणूस आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, उजव्या हाताकडे बघून बोलतो, घरातला डाव्या हाताकडे. नवशिक्या मान वळवतो, पण नजर बरोबर नेत नाही. समोर माणूस उभा आहे असं त्यालाच दिसत नसतं, मग आपल्याला कुठून दिसणार? बाबांनी चाळीस वर्षं बुवांची नजर बघून पेटीचा सूर धरला असेल. त्यांना जपानी यायची गरजच नव्हती.

आता मुख्य प्रश्न, आधी वाचून घ्यावं का. घ्याच. जपानी प्रेक्षकाला या गोष्टी ठाऊकच असतात. कित्येक गोष्टी शे-दोनशे वर्षं सांगितल्या जातायत. मालिकेची सगळी बांधणीच त्यावर आहे. आधी मूळ गोष्ट, तीही हीच नटमंडळी एदोकाळातले टोप चढवून करून दाखवतात. मग त्या आठवड्यात तोराजीच्या आजूबाजूला काहीतरी घडतं, आणि घडता घडता त्याला त्या गोष्टीचा आकार येतो. शेवटी तोराजी बैठकीवर बसतो आणि जुनी गोष्ट व नवी हकिगत एकमेकींत विणून सांगतो. तुमच्या घरात कीर्तन आहे, म्हणून तुम्हाला लगेच कळेल: पूर्वरंग ठाऊक नसेल तर उत्तररंगाचं आख्यान नुसती करमणूक होऊन बसतं.

माझा एक अनुभव सांगतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, बाहेर बोचरी थंडी. एंगेई हॉलमध्ये बैठक राखीव नसते, तिकीट काढलं की हवं तिथे बसा, डबा खा. दुपारी गेलेलो, रात्रीपर्यंत बसलो. दोन कलावंतांच्या मधे शिकाऊ मुलगा येतो, उशी उलटवतो, नावाची पाटी बदलतो. त्या उशीला तीन बाजूंनीच शिवण असते. बिनशिवणीची बाजू प्रेक्षकांकडे ठेवायची, म्हणजे प्रेक्षकांशी नात्याला चीर पडत नाही. तो मुलगा प्रत्येक वेळी ती बाजू हाताने चाचपून बघत होता.

शेवटी एक वयस्क कलावंत आले आणि त्यांनी 'शिबाहामा' धरली. ही वर्षअखेरीची गोष्ट. दारूपायी धंदा बुडवलेला मासेविक्या बायकोच्या तगाद्यावरून भल्या पहाटे बाजाराला निघतो, शिबाच्या किनार्‍यावर त्याला पैशांनी भरलेली चामडी थैली सापडते. घरी येऊन मित्रांना जमवून पितो, झोपतो. उठल्यावर बायको म्हणते, कसली थैली? तुला स्वप्न पडलं. तो हादरतो, दारू सोडतो, राब राब राबतो. तीन वर्षांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, स्वतःचं दुकान, कर्ज फिटलेलं, घर उबदार. तेव्हा बायको ती थैली पुढे ठेवते आणि सांगते की मी खोटं बोलले. तो तिच्यावर रागवत नाही, आभार मानतो. ती म्हणते, आज एक पेला घे. तो पेला ओठांपर्यंत नेतो.

म्हातारबुवांचा हात तिथेच थांबला. रिकामा हात, बोटं न दिसणार्‍या पेल्याभोवती वळलेली. सभागृहात खोकल्याचाही आवाज नाही. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे ओठ आधीच हलत होते. मग व्यासपीठावरून वाक्य आलं: "नको. पुन्हा स्वप्न व्हायचं."

आजींनी ते शब्द आयुष्यात किती वेळा ऐकले असतील. डोळे पुसत होत्या. माहीत असल्याने गंमत जाते का, याचं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

---

सडेतोड

मालिका मी पाहिलीय आणि अभिनय उत्तम आहे, पण एक गोष्ट खटकते. याकुझा म्हणजे खंडणी, सावकारी, लोकांची घरं उद्ध्वस्त करणारी माणसं. त्यांना असं गोड करून दाखवणं बरोबर वाटतं का? आपल्याकडेही भाई लोकांना नायक करायची खोड आहेच.

---

निशिकासाईकर

सडेतोड, मुद्दा रास्त आहे आणि मलाही तो सतावतो. इथल्या गुन्हेगारी टोळ्यांविरुद्धचा कायदा १९९२ मध्ये लागू झाला. पुढे २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या प्रांतांत असे नियम आले की सामान्य माणसाने आणि व्यावसायिकानेही टोळीला फायदा होईल असा व्यवहार करायचा नाही. म्हणजे दोनबेई-तोराजी यांच्यातला पैशांचा व्यवहार आज कुणी लिहायला घेतला तर त्याला दहादा विचार करावा लागेल. २००५ ची मालिका त्या अर्थाने त्या काळाची आहे.

पण तिने टोळीला गोड केलंय असं मला वाटत नाही. याकुझा हा शब्दच पत्त्यांच्या जुगारातला: आठ, नऊ, तीन. बेरीज वीस, शेवटचा आकडा शून्य, म्हणजे हरलेला डाव. तोराजी तसाच आहे. लहानपणी आई-बाप गेले, हसणं विसरला, टोळीने उचललं. आता बघा, टोळीत बापाच्या जागी म्होरक्या, थोरला भाऊ, धाकटा भाऊ. राकुगोच्या घराण्यात गुरू हाच बाप, आधी आलेला शिष्य थोरला भाऊ, गुरूच्या घरी पडेल ते काम. रक्ताचं नातं नसताना रक्ताच्या नात्याचे शब्द वापरणारी ही दोन घरं, आणि हा पोरका दोन्हीकडे मुलगा म्हणून उभा. एका घरात त्याला भीती घालायला शिकवलं, दुसर्‍यात समोरच्याचं ऐकायला. टोळीचा म्होरक्या केलाय शोफुकुतेई त्सुरुबे यांनी, ते स्वतः खरोखरचे राकुगो कलावंत. आणि गुरू दोनबेई केलेत निशिदा तोशियुकी यांनी, ते नट. गोष्ट सांगणारा खरा माणूस टोळीत बसवला आणि नटाला गुरूच्या उशीवर. मला ही निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते. निशिदा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. बातमी वाचली त्या रात्री मी विशेष भाग पुन्हा लावला.

---

सडेतोड

दोन घरांचं हे डोक्यात आलं नव्हतं. वसुलीचे प्रसंग मला तरीही सहज पचणार नाहीत, पण पुन्हा बघेन.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण घाई न करता शेवटपर्यंत पाहिलं. नवीन पद्धत अशी ठरली: संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाबांना मूळ गोष्ट मराठीत सांगायची, मग भाग लावायचा.

सातव्या भागाची 'नेको नो सारा' सांगितली. जुन्या वस्तूंचा व्यापारी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबतो. तिथलं मांजर ज्या बशीत जेवतंय ती बशी अतिशय मौल्यवान आहे हे त्याला दिसतं. तो मांजर आवडल्याचं नाटक करतो, भारी किंमत देऊन मांजर घेतो आणि जाता जाता म्हणतो, सवयीची बशीही देऊन टाका. टपरीवाला म्हणतो, छे, ती फार किमती आहे. मग तिच्यात मांजराला का जेवू घालता? "त्याचं काय आहे, अशाने मांजरं चांगल्या भावात खपतात." बाबा इतके हसले की चहा सदर्‍यावर सांडला. दुसर्‍या दिवशी खालच्या वॉचमनला ती गोष्ट सांगत होते, मान डावीकडे-उजवीकडे वळवून. आणि माझ्यापेक्षा चांगली सांगत होते.

शेवटच्या भागाची 'को वा कासुगाई' मात्र मराठीत आणताना मी दोन दिवस अडले. दारूमुळे संसार मोडलेला सुतार, तीन वर्षांनी रस्त्यात भेटलेला मुलगा, त्याच्या मुठीत दिलेलं नाणं. आईला ते सापडतं, तिला वाटतं पोराने चोरलं. ती हातोडा उगारते, खरं सांग नाहीतर मारीन. मग सगळं उलगडतं, नवरा-बायको पुन्हा एकत्र येतात आणि आई म्हणते, मूल म्हणजे दोन लाकडं जोडून धरणारा लोखंडी आकडा. मुलगा म्हणतो, "म्हणूनच मला हातोड्याने मारणार होतीस होय?"

कासुगाई या शब्दाला नेमकं काय म्हणावं ते सुचेना. बाबांना विचारलं, ते म्हणाले आपल्या गल्लीतल्या सुताराला फोन लाव. लावला. तो म्हणाला, "ताई, आम्ही त्याला नुसतं क्लॅम्पच म्हणतो." तेव्हा मी 'लोखंडी आकडा'च ठेवलं. गोष्ट संपल्यावर बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आता सांगतोय. पाठ म्हणत नाहीये."

निशिकासाईकर, पुढच्या नोव्हेंबरात कामासाठी दहा दिवस तोक्योला येणार आहे. एंगेई हॉलला एकटीने जायचं तर दुपारचं गेलेलं बरं की रात्रीचं?

---

निशिकासाईकर

दुपारीच या, आणि उठू नका. एकदा तिकीट काढलं की बहुतेक दिवशी रात्रीपर्यंत बसता येतं. कार्यक्रम दर दहा दिवसांनी बदलतो: १ ते १०, ११ ते २०, २१ ते ३०. तुमचे दहा दिवस दोन पाळ्यांवर पडले तर दोन वेगळे संच ऐकायला मिळतील. दारातल्या फलकावर लाल शाईतली नावं जादूवाले, कसरतवाले, जोडीने विनोद करणारे यांची. काळ्या शाईतली राकुगोवाल्यांची. डावीकडे चौथ्या-पाचव्या रांगेत कडेची जागा धरा, पंख्याचं टोक आणि नजर दोन्ही नीट दिसतात. बाबांना आणता आलं तर बघा, तोक्योत माझ्याकडे जागा आहे.