फुटबॉल हंगामाच्या मध्यावर मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बदलून काय साधतं?

डावा बॅक
चार सामने हरले की मागणी ठरलेली: मॅनेजरला हाकला. माझा याला विरोध आहे. मधेच केलेली हकालपट्टी बहुतेक वेळा संघासाठी नसतेच. मालकांवर येणारा राग दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला ती बरी पडते. चुकीचे खेळाडू घेतले कोणी, चांगला बचावपटू विकला कोणी, हे प्रश्न त्या गडबडीत कुणी विचारत नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2022-23 चा हंगाम घ्या. लेस्टर, लीड्स आणि साउदॅम्प्टन तळाला राहून खालच्या लीगमध्ये गेले. तिघांनीही मधेच मॅनेजर बदलले होते. लीड्सने तर फेब्रुवारीत मॅनेजर मार्शला काढलं, मग आणलेल्या ग्रासियालाही मे महिन्यात घालवलं आणि शेवटच्या चार सामन्यांसाठी सॅम अ‍ॅलरडाइसला बोलावलं. चार सामन्यांत एक गुण!

साउदॅम्प्टनची कथा आणखी बोलकी आहे. मॅनेजर हासेनह्युटलच्या हाताखाली हा संघ दोनदा 9-0 ने हरला होता, 2019 मध्ये लेस्टरकडून आणि 2021 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून. दोन्ही वेळा क्लबने त्याला ठेवलं, दोन्ही वेळा संघ लीगमध्ये राहिला, पहिल्या वेळी तर चक्क 11वा आला. नोव्हेंबर 2022 मध्ये मात्र धीर सुटला. नेथन जोन्स आला, लीगच्या आठ सामन्यांत एक जिंकला आणि फेब्रुवारीत गेला. शेवटी 25 गुण आणि तळाचा क्रमांक.

त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्ट ऑक्टोबरमध्ये लेस्टरकडून 4-0 मार खाऊन तळाला होता. मॅनेजर स्टीव्ह कूपर गेलाच असं सगळे धरून चालले होते. क्लबने त्याच आठवड्यात त्याचा करार वाढवला. फॉरेस्ट 16वा आला.

उलटी किक
तुम्ही फक्त बुडालेले मोजलेत. त्याच हंगामात एव्हर्टन, व्हिला, वुल्व्हज, पॅलेस आणि बोर्नमथ यांनीही मॅनेजर बदलले, आणि पाचही वाचले. मॅनेजर जेरार्ड गेला तेव्हा व्हिला 17वा होता. उनाय एमरी आला, खेळाडू जवळपास तेच, हंगाम संपताना 7वा क्रमांक आणि युरोपचं तिकीट. हे कुठे बसवणार?

एव्हर्टनकडे जरा जवळून बघा. आधीच्या मॅनेजर लॅम्पार्डच्या 20 सामन्यांत 15 गुण, क्रमांक 19वा. नव्या शॉन डाइशचा पहिलाच सामना अव्वल असलेल्या आर्सेनलशी. मॅकनीलचा कॉर्नर, टार्कोव्स्कीचं हेडर, 1-0. हे दोघंही बर्नलीत डाइशच्याच हाताखाली खेळलेले. कोणाकडून काय काढायचं हे त्याला पाठ होतं. पुढच्या 18 सामन्यांत 21 गुण आले. शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध ज्या डुकुरेने गोल मारून क्लब वाचवला, तो लॅम्पार्डच्या शेवटच्या दिवसांत बाकावर बसून होता. एक माणूस बदलल्याने संघात कोण खेळतो हेच बदलतं, आणि तुम्ही म्हणता फरक पडत नाही.

आणि तुमच्या त्या संयमी फॉरेस्टने डिसेंबर 2023 मध्ये, म्हणजे पुन्हा हंगामाच्या मध्यावरच, कूपरला काढलं बरं का. नूनो आला, संघ वाचला आणि पुढच्या वर्षी 7वा आला.

डावा बॅक
पूर्ण करा की मग गोष्ट. त्याच नूनोला सप्टेंबर 2025 मध्ये लीगचे तीन सामने झाल्यावर काढलं. पोस्टेकोग्लू आला, आठ सामन्यांत एकही विजय नाही, 39 दिवसांत बाहेर. एकदा जमलं की मालकाला चटक लागते.

राखीव गडी
दोघंही आपापल्या सोयीचे क्लब उचलताय. असं निवडून कुणीही काहीही सिद्ध करेल.

डच लीगच्या 1986 ते 2004 या काळावर बास तेर वील या अर्थतज्ज्ञाचा अभ्यास आहे. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतो, हे त्यात दिसतं. पण तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर ठेवला, ते संघही तसेच सावरलेले दिसतात. कारण उघड आहे. हकालपट्टी होते ती सगळं वाईट एकदम जुळून आल्यावर: दोन पोस्टला लागलेले शॉट, एक चुकीची पेनल्टी, मधल्या फळीतले दोन जखमी. हे कायम चालत नाही. पुढचे सामने थोडे बरे जातातच, आणि त्याचं श्रेय नव्या साहेबांना मिळतं.

उलटी किक
अभ्यास मान्य, पण तो सरासरीबद्दल बोलतो. मालकाला सरासरी मॅनेजर नेमायचा नसतो, एक ठरावीक माणूस नेमायचा असतो. ऑक्टोबर 2022 मध्ये लेव्हरकुसेन जर्मनीच्या बुंडेसलिगा या लीगमध्ये 18 पैकी 17वा होता. त्यांनी शाबी अलोन्सोला आणलं, तेही वरिष्ठ संघाचा अनुभव शून्य असताना. त्या वर्षी 6वा क्रमांक, पुढच्या वर्षी एकही सामना न हरता विजेतेपद. बायर्नने नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रँकफर्टकडून 5-1 ने हरल्यावर मॅनेजर कोवाचला सोडलं आणि फ्लिकने त्याच हंगामात तीन करंडक आणले. हे सगळं 'आपोआप सावरले' यात घालणार का?

निळी कोल्हीण
लेस्टरची पाठीराखी म्हणून लिहिते, कारण वर आमचं नाव एका ओळीत उरकलंय.

2022 च्या उन्हाळ्यात गोलकीपर श्मायकेल गेला, बचावपटू फोफाना चेल्सीला विकला. बदल्यात संघात खेळण्याजोगा एकच आला, फास. मग वर्षभर मॅनेजर रॉजर्सच्या नावाने शिमगा. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही, कॉर्नरवर आमचा बचाव बघवत नव्हता. पण मुद्दा पुढचा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला काढलं तेव्हा पुढचा माणूस ठरलेलाच नव्हता! तात्पुरत्या मॅनेजरांच्या जोडीवर दोन सामने काढले, व्हिला आणि बोर्नमथ, दोन्ही घरच्या मैदानावर. दोन्ही हरलो. मग डीन स्मिथ आला. शेवटी आमचे गुण 34 आणि एव्हर्टनचे 36.

त्या दोन सामन्यांतला एक जरी जिंकलो असतो तरी आम्ही राहिलो असतो. मला काढण्याचा राग नाही. खुर्ची रिकामी ठेवून काढण्याचा आहे.

डावा बॅक
ताई, याला माझी काहीच हरकत नाही. पण असा तयार माणूस हंगामाच्या मध्यावर मिळतो किती वेळा? चांगले असतात ते कुठेतरी नोकरीत असतात. त्यांना ओढून आणायचं तर भरपाई मोजा, आणि तो आला तरी त्याला प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीचा सरावाचा काळ, मिळत नाही. मॅनेजर अमोरिमने तर हंगाम संपल्यावर येतो म्हणून सांगितलं होतं. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर 2024 मध्येच आणला. मागे तीन बचावपटूंची त्याची पद्धत, विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे) म्हणून घडलेले खेळाडू जवळपास नाहीत, दर तीन दिवसांनी सामना, सरावाला वेळ कुठला? संघ 15वा आला.

तळाशी अडकलेल्या क्लबला रचना बदलणारा मॅनेजर मधेच आणणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं.

उलटी किक
ती निवड चुकली. मधेच बदलण्याची चूक नाही. त्याच क्लबने नोव्हेंबर 1986 मध्ये संघ तळाजवळ असताना अ‍ॅटकिन्सनला काढून अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला आणलं होतं. संयमाचा विषय निघाला की सगळे फर्ग्युसनचं नाव घेतात, पण तो आला कसा हे कुणी सांगत नाही.

राखीव गडी
आणि 1989-90 मध्ये तोच फर्ग्युसन मँचेस्टर सिटीकडून 5-1 ने हरला, लीगमध्ये 13वा आला, तरी काढला नाही. एकच माणूस दोन्ही बाजूंचा पुरावा! त्याला या वादातून रजा द्या.

मला विचाराल तर वेळ महत्त्वाची. बदलायचंच असेल तर नोव्हेंबरात बदला, म्हणजे जानेवारीची ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत) उघडेपर्यंत नव्या माणसाला संघ कळतो. एप्रिलमध्ये काढणं निरर्थक. बर्नलीने 2022 मध्ये आठ सामने उरले असताना डाइशलाच काढलं होतं, तरी खाली गेले.

उलटी किक
नोव्हेंबरचं उत्तम उदाहरण न्यूकॅसल. 2021 मध्ये एडी हाउ आला. पहिल्या 14 सामन्यांत एकही विजय नाही, तरी 11वे आले.

डावा बॅक
सौदी पैसा आल्यावर जानेवारीत ट्रिपियर, गिमाराइश, बर्न विकत घेतले, ते विसरलात वाटतं. तेवढ्या पैशात आधीच्या मॅनेजर स्टीव्ह ब्रूसनेही वाचवलं असतं.

उलटी किक
जोलिंटन जानेवारीत विकत घेतला होता का? तो आधीपासून तिथेच होता, स्ट्रायकर म्हणून फसलेला. नॉर्विचविरुद्ध नवव्या मिनिटाला क्लार्कला रेड कार्ड मिळालं, जोलिंटन खाली मधल्या फळीत आला आणि मैदानभर पळाला. हाउने त्याला तिथेच ठेवलं. पुढे तो त्या क्लबचा मधल्या फळीतला आधारच झाला.

डावा बॅक
म्हणजे तो बदल मॅनेजरने नाही, रेफरीने केला!