पंचेचाळिशीनंतर शिडाची होडी शिकता येईल का?

प्रश्न: माझे वय 46 असून पोहणे जेमतेम येते. मुंबई बंदरात शिडाची होडी चालवण्यास शिकावे, असे मनात आहे. उशीर तर झाला नाही ना?

उत्तर: मी 51व्या वर्षी आरंभ केला. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, साधारण 45 अंशांचा कोन राखून नागमोडी जावे लागते, हे कागदावर लगेच कळले. हाताला कळायला मात्र दोन महिने लागले. वळताना शिडाची आडवी दांडी सपकन डोक्यावरून जाते, तेव्हा वेळीच वाकावे.

दुसरे उत्तर: जीवरक्षक जाकीट असले तरी पोहणे पक्के करावे, कारण उलटलेली होडी सरळ करणे हा सुरुवातीचाच धडा असतो. पावसाळा टाळून ऑक्टोबरनंतर या.

प्रश्नकर्ता: आभार. चष्म्याचे काय करावे?

पहिले उत्तरदाते: दोरीने मानेला बांधावा, माझा एक समुद्रार्पण झाला आहे.